पाथरीची बसकी जीप

मी जीपखाली गोणपाट टाकून उताणा पडलो होतो आणि इंजिनचं चेंबर माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं. चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाचा पत्र्याचा डबा, त्यात ऑइल असतं. एरवी जीपखाली मी आरामात कुशीवर वळायचो. इथे खांदाच अडकला.

“साहेब, पाय धरून वढू का?” बाहेरून आवाज आला.

“नको. आधी सांगा, पाटे कुणी काढले?”

बाहेर नुसत्या वहाणा इकडून तिकडे सरकल्या.

मी तेव्हा परिवहन खात्यात मोटार वाहन निरीक्षक होतो, नेमणूक परभणीला. महिन्यातून एकदा पाथरीला आमचा कॅम्प असायचा. डाकबंगल्याच्या आवारात लिंबाखाली टेबल टाकायचं आणि लायसन्सच्या टेस्ट, गाड्यांचं पासिंग तिथेच उरकायचं. पासिंग म्हणजे गाडी रस्त्यावर धावण्याजोगी आहे का ते तपासून सही करणं.

ही जीप मन्मथअप्पांची. पाथरीत त्यांचं कापडाचं दुकान होतं. कपाळाला भस्म, पांढरं धोतर, बोलणं मऊ. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनामुळे त्या काळात एसटी कधी बंद राहील याचा नेम नसायचा. म्हणून त्यांनी सरकारी लिलावात ही जुनी जीप घेतली होती. आता ती खाजगी गाडी म्हणून त्यांच्या नावावर करायची होती. त्यासाठी माझी तपासणी.

मी कसाबसा बाहेर निघालो. अप्पांनी स्वतःच्या उपरण्याने माझी पाठ झटकली.

“मीच काढायला लावले पाटे,” ते म्हणाले. “माय चढू शकंना. गुडघे गेलेत तिचे. दोघंजण धरून चढवायलो तर म्हणती, मला पोत्यावानी उचलू नका. मग मी मिस्त्रीला म्हणलं, गाडीच बसकी कर.”

पाटे म्हणजे काय ते सांगतो. जीपच्या प्रत्येक चाकापाशी लोखंडी पट्ट्यांची चवड असते. सगळ्यांत लांब पट्टी एक, तिला आधार द्यायला बाकीच्या आखूड आखूड. तेच सस्पेन्शन. चाक खड्ड्यात गेलं की पाटे वाकतात आणि धक्का जिरवतात. अप्पांच्या जीपमधून प्रत्येक चवडीतले तीन-तीन पाटे काढले होते. गाडी चांगली चार-सहा बोटं खाली बसलेली दिसत होती. मागच्या बाजूला तर जरा जास्तच.

अप्पांच्या शेजारी सलीम मिस्त्री उभा होता. काम त्याचंच. तो म्हणाला, “मैं बोल्या था साब, लोड में मार खाती. अप्पा बोले, निकालो. मैं निकाल दिया.”

मी अप्पांना सांगितलं, “ही गाडी मी पास करू शकत नाही. गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करायचा तर आधी खात्याची परवानगी लागते. आणि तुम्ही मागितली असती तरी या बदलाला कुणी दिली नसती.”

“माझी गाडी, माझी माय. त्यात सरकारला काय अडचण हाय?”

“रस्ता सगळ्यांचा आहे, अप्पा.”

त्यांना ते पटलं नाही. पुढच्या आठवड्यात गंगाखेडजवळच्या एका गावात त्यांच्या भाचीचं लग्न होतं. म्हणजे त्यांच्या मायच्या लेकीच्या लेकीचं. गुडघे धरल्यापासून म्हातारी लेकीच्या गावाला गेलीच नव्हती. एसटीच्या पायऱ्या तिला चढवत नव्हत्या. या जीपवरच सगळी भिस्त होती. अप्पा एक शब्दही चढ्या आवाजात बोलले नाहीत, पण त्यांचे डोळे भरून आले. मला ओरडणारे लोक सोपे वाटायचे. हे अवघड होतं.

दुपारी डाकबंगल्याच्या खानसाम्याने हाक मारली. परभणीहून आमच्या साहेबांचा फोन. पाथरीतल्या कुणीतरी वजनदार माणसाने त्यांच्या कानावर घातलं होतं.

“कुठली जीप अडवलीत तुम्ही?”

“पाटे काढलेत साहेब.”

“लग्नाला जायची गाडी आहे म्हणतात.”

“म्हणूनच अडवली. लग्नाची गाडी रिकामी जात नाही.”

“हे बघा, सही करा असं मी म्हणणार नाही. पण त्या माणसाला नीट पटवून द्या. मला परत फोन यायला नको.”

पटवायचं कसं? कायद्याचं पुस्तक इंग्रजीत होतं. आणि मराठीत असतं तरी आईपुढे कुणी ते वाचलं नसतं. मग मी अप्पांना म्हटलं, “चला, लग्नाला जाताना जशी माणसं बसतील तशी आत्ता बसवा. सीटवर मावतील तेवढीच. आणि तुमच्या शेताकडच्या रस्त्याने मला फिरवून आणा. गाडीने त्रास दिला नाही तर मी परभणीला जाऊन परवानगीसाठी स्वतः बोलेन.”

अप्पांना हुरूप आला. दुकानातले दोन गुमास्ते आले, शेजारचे सोनार आले, सलीम तर होताच. आणि अप्पांची माय, नागरबाई, त्याही काठी टेकत आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

“माझ्यासाठी केलीय म्हणत्यात ना गाडी,” त्या म्हणाल्या. “मग मी बसून बगते.”

त्यांनी एका हाताने खांब धरला, पाय उचलला आणि कुणाच्याही मदतीशिवाय पुढच्या सीटवर बसल्या. खरं ते सांगायला हवं. चढण्यापुरती बसकी जीप झकास होती. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी मागे जाऊन बसलो.

गावातल्या डांबरी रस्त्यावर सगळं ठीक चाललं. पहिल्या मोठ्या वळणावर मडगार्डमधून खरखर आवाज आला आणि रबर जळाल्याचा वास सुटला. टायर वर पत्र्याला घासत होता.

“हे काय हाय?” अप्पांनी विचारलं.

“पाटे नाहीत म्हणून गाडी खाली बसली, चाक वर आलं. असंच चालवलं तर टायर फाटतो. वळणावर फाटला तर स्टिअरिंग तुमचं ऐकणार नाही.”

पुढे एक मोरी होती आणि मोरीच्या तोंडाशी खड्डा. अप्पांनी वेग कमी केला होता, तरी धाडकन आवाज झाला. पाटे वाकून संपले आणि अॅक्सल, म्हणजे चाकांचा आस, थेट चासीवर, गाडीच्या सांगाड्यावर आदळला. सोनारांची टोपी उडून गुमास्त्याच्या मांडीत पडली. माझे दात एकमेकांवर आपटले. पुढे नागरबाई फक्त “शिवा शिवा” म्हणाल्या.

डांबर संपलं आणि गाडीवाट लागली. काळ्या रानातली ती वाट. बैलगाड्यांच्या चाकांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडलेल्या आणि मधे मातीचा उंच वरंबा वाळून दगड झालेला. एरवी जीप अशा वाटेवरून मजेत जाते. ही पोट घासत निघाली. थोडं अंतर गेलं आणि खालून कर्र करून आवाज आला. अप्पांनी ब्रेक लावला.

सलीम आणि मी खाली उतरलो. त्याने आडवं होऊन हात घातला, बोटं बाहेर काढून बघितली. ऑइल नव्हतं. चेंबरला पोचा आला होता, फुटलं नव्हतं.

“फुटलं असतं तर?” अप्पांनी विचारलं.

“तर सगळं ऑइल या वाटेवर सांडलं असतं, इंजिन जाम झालं असतं, आणि वऱ्हाड इथेच बसलं असतं. आणखी एक आहे. उरलेल्या पाट्यांवर आता जास्तीचा भार येतोय. एखाद्या दिवशी मुख्य पाटा तुटतो, चाक तिरकं होतं आणि गाडी एका बाजूला ओढते. समोरून ट्रक येत असेल तर विचार करा.”

अप्पा खाली उतरून गाडीच्या पोटाखाली बघू लागले. तेवढ्यात पुढच्या सीटवरून नागरबाई बोलल्या.

“मन्मथ, गुडघ्याचं भागलं बग. पर माझी कंबर गेली.”

“लय दुखायली का माय?”

“चढायला कितीक वेळ लागतो रे? बसायचं तर गंगाखेडपस्तोर हाय. तू चढायचं तेवढंच बगितलंस.” मग मागे वळून मला म्हणाल्या, “साहेब, तुमी त्याला रागं भरू नका. लेकरू माझ्यासाठीच करायलंय.”

लेकराचं वय पन्नाशीच्या पुढे होतं. लेकराने मान खाली घातली आणि ते जरा हसलंही. सोनार तर मोठ्यानेच हसले.

परत येताना गाडी चालवणारे अप्पा सोडून आम्ही सगळे पुरुष पायी चाललो, गाडी हलकी केली. चालता चालता मी सलीमला विचारलं, “पाटे आहेत ना?” “रख्या ना साब, फेक्या नही,” तो म्हणाला. मग आम्ही पायदानाची गोष्ट काढली. गाडी खाली आणता येत नाही, तर पाय ठेवायला वर काहीतरी द्यायचं. अट माझी एकच होती. पायदान बॉडीच्या बाहेर यायला नको, नाहीतर सायकलवाल्याच्या पायाला लागेल. बिजागरीचं करायचं. चढताना खाली पाडायचं, बसल्यावर आत दुमडायचं. वेल्डिंग नको, नटबोल्ट लावायचे.

उंची किती ठेवायची ते नागरबाईंवरून ठरलं. दुकानासमोर आम्ही विटा मांडल्या. एका विटेवर त्या सहज चढल्या. दोन विटांवर काठीचा जोर लावून चढल्या. तिसरी ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ती लगेच उचलली. दीड वीट, असं माप सलीमने खडूने भिंतीवर काढून घेतलं. धरायला एक दांडीही हवी, हे नागरबाईंनीच सुचवलं. आमच्या कुणाच्या ते डोक्यात आलं नव्हतं.

लग्नाच्या आधी अप्पा जीप घेऊन परभणीला ऑफिसात आले. पाटे परत बसवले होते, चेंबरचा पोचा काढला होता, पायदान लावलं होतं. मी गाडी तपासली आणि साहेबांना बाहेर बोलावलं.

साहेबांनी पायदानाकडे बोट दाखवलं. “आणि हा बदल नाही का?”

“बॉडीच्या रुंदीच्या आत आहे. चार नट काढले की गाडी जशीच्या तशी. सस्पेन्शनला हात लावलेला नाही.”

साहेबांचं शरीर भारी होतं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पायदानावर पाय ठेवला, दांडी धरली आणि वर चढून बसले. थोडा वेळ बसून राहिले. उतरल्यावर म्हणाले, “सही करा.” मग आवाज खाली आणून सलीमचा पत्ता विचारला. आमच्या ऑफिसच्या जीपला ते लावावं असं त्यांना वाटत होतं.

लग्नाहून आल्यावर अप्पा कॅम्पला पेढे घेऊन आले. माय स्वतःच्या पायाने चढली, स्वतःच्या पायाने उतरली आणि लेकीच्या दारात उभी राहिली तेव्हा लेकीला आधी खरंच वाटेना, असं ते सांगत होते. सांगताना हाताने पायदान पाडून दाखवत होते.

पाथरीकडे मग अशा पायदानांची फॅशनच आली. एकाने तर गालिचा लावलेलं, बाहेर हातभर आलेलं पायदान करून आणलं. ते मी तिथल्या तिथे काढायला लावलं. तो माणूस वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

पुढेही गाडी खाली घ्यायची म्हणणारे लोक भेटत राहिले. बहुतेकांना ती रुबाबासाठी हवी असायची. त्यांना मी कलम सांगत बसलो नाही. गाडी भरा म्हणायचो आणि घरच्या वडीलधाऱ्यांना मागच्या सीटवर बसवून खराब रस्त्याने एक फेरी मारायला लावायचो. फेरीहून परत आल्यावर परवानगीचा विषय सहसा कुणी काढत नसे.