नंदाने काढलेले दात

नंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मांडव्याच्या जेटीवर बोटीची वाट बघत होते. झोपेतच गेली म्हणे... चांगलं मरण आलं, असं सगळे म्हणाले. मला रागच आला. तिने इतक्या सहज सुटायला नको होतं.

नंदा माझी बालमैत्रीण, आमच्या थळ गावचीच, गुरांची डॉक्टर. एकदा तिला किनाऱ्यालगतच्या एका बंगल्यातून बोलावणं आलं. मालकाने मुलीच्या वाढदिवसाला चोरट्या मार्गाने मादागास्कर बेटावरचं, माकडासारखं लेमूर आणलं होतं, पट्टेदार शेपटीची मादी. "मादागास्करात जंगलं जाळतात, इथे मजेत आहे," असं तो पाहुण्यांना ऐकवायचा. मुलीने त्या मादीच्या हातातलं केळं ओढलं आणि ती चावली. नंदा मला हसत म्हणाली, "चावंल नाय तर काय? त्यांच्यात बाईचंच राज्य हाय. तिच्या हातचं कोन घेत नाय." मालकाला असलं राज्य घरात नको होतं. "पुढचे दात काढून टाका, नाहीतर कुत्र्यांपुढे टाकतो," म्हणाला.

लेमूरचे खालचे पुढचे दात म्हणजे त्यांची फणी. त्यांनीच ती स्वतःचं अंग विंचरतात आणि एकमेकांचंही. त्यांची सगळी माया त्यातच. नंदाला हे पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, "वनखात्याला कळव." "ते येईपर्यंत हा तिला मारून पुरून टाकंल," म्हणाली, आणि तिने दात काढले. मग दर रविवारी प्लास्टिकची फणी घेऊन जायची आणि त्या मादीच्या जटा सोडवत बसायची. जीव वाचवला, असं तिने स्वतःला पटवलं होतं. मला कधी पटलं नाही, आणि ती मेली म्हणून आता पटेल असंही नाही.

तिचं तेरावं झालं आणि मी वनखात्याला फोन केला. दात काढले म्हणून नंदाही अडकेल, या भीतीने इतके दिवस केला नव्हता; ती भीती आता उरली नव्हती. त्याच दिवशी माणसं आली आणि मादीला घेऊन गेली. मालकाला हालचाल करायलाही वेळ मिळाला नाही.

परवा मी त्या मादीला ठेवलंय त्या प्राणिकेंद्रात जाऊन आले. तिथे जप्त केलेली आणखी दोन लेमूर आहेत. त्यातलं एक तिच्याजवळ आलं, तिची मान विंचरली आणि आपली मान पुढे करून थांबलं. तिने त्याच्या केसांत हिरड्या घासल्या... पुन्हा घासल्या. ते जरा वेळ थांबलं, मग उठून दुसऱ्याकडे गेलं.

नंदाच्या घरी तिच्या फोटोला हार घातलाय. मला मात्र ती आठवते ती त्या रिकाम्या जबड्यात.