पौषातलं पाणी

जबलपूरच्या मदन महल भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवर एके काळी निवडुंगाच्या कुंड्या होत्या. त्या माझ्या बायकोच्या. एका हिवाळ्यात ती झाडं सडून गेली, आणि कशानं सडली ते तिला कळलं नाही. मला कळलं होतं. मी बोललो नाही. मी तसा कमीच बोलतो, आणि नात्यात लोक याला माझा चांगला गुण समजतात.

लग्नाला काही वर्षं झाली होती. दोनदा तिला दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच गेलं. दुसऱ्या वेळेनंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पुन्हा या वाटेला न गेलेलं बरं. त्या उन्हाळ्यात ती फार गप्प झाली होती. दोन घरं सोडून एक दीदी राहायच्या. त्यांनी आपल्या निवडुंगाचं एक पिल्लू वर्तमानपत्रात गुंडाळून हिच्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "इसको कुछ नहीं चाहिए. धूप में रख दो और भूल जाओ."

विसरणं तिला जमलं नाही. तिनं नर्मदेची रेती आणवली. पाणी नितळ येईपर्यंत ती धुतली आणि गच्चीवर वाळवली. विटेचे तुकडे, जुनं पानखत, थोडी निंबोळी पेंड. वर्षभरात कुंड्या वाढत गेल्या. सोनेरी काट्यांचं एक गोल गरगरीत झाड होतं. एकावर म्हाताऱ्या माणसासारखे पांढरे केस होते. एक पाच कंगोऱ्यांचं, वरून पाहिलं की चांदणीसारखं दिसायचं. पावसाळ्यात बांबूंवर प्लास्टिक बांधून ती त्यांना कोरडं ठेवायची, आणि तिरपा पाऊस आला की हातातली पोळी टाकून वर धावायची. दिवाळीनंतर पाणी जवळजवळ बंद. "थंडीत हे झोपतात," ती मला सांगायची. "झोपेत पाणी पाजलं तर मुळं कुजतात, वरून काही दिसत पण नाही." मी पेपर वाचत हं म्हणायचो. पण ऐकलं होतं मी. नीट ऐकलं होतं.

माझ्या आईला हे सगळं नापसंत होतं. काटेरी झाड घरात ठेवत नाहीत, असं तिच्या माहेरी वर्ध्याकडे मानायचे.

"काहून वो," ती बायकोला म्हणायची, "जबलपुरात गुलाब भेटत नाही काय?"

"गुलाबाला पण काटेच असतात न, आई."

"त्याले फूल तरी येते."

पुढच्या चैत्रात पांढऱ्या केसांच्या झाडाला गुलाबी फुलांचा गजराच आला. बायको आईला बोलवायला खाली आली. आईनं गुडघे दुखतात म्हणून सांगितलं आणि गेली नाही. पण दुपारी शेजारच्या बायका बसल्या होत्या तेव्हा तिचं बोलणं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. "घरात काटेच लावून राहिली, मग पाळणा कसा हालन." बायको पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

त्या वर्षी तिनं बी पेरलं. दिवाळीपर्यंत मुगाच्या दाण्याएवढी हिरवी रोपं आली, काचेखाली ठेवलेली. मला वर नेऊन दाखवली. मी चष्मा पुसून वाकून पाहिलं.

"ही माझ्या हातानं वाढून राहिली न," ती म्हणाली. "मग ते पण वाढेल."

ते म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. मूल दत्तक घ्यायचं आमच्यात अर्धं अर्धं बोलून झालं होतं. पुढल्या आठवड्यात मी जाऊन चौकशी करून आलो. तिला सांगितलं, होऊ शकतं. तिनं त्या रात्री शिरा केला. आईनं विचारलं, आज काय आहे बाप्पा, तर ती नुसती हसली. मला उन्हाळ्याची सुट्टी लागली की अर्ज करायचा असं ठरलं.

आता पौषाचं सांगतो.

आई पौषात सूर्याला अर्घ्य द्यायची. आधी ते खाली अंगणात, तुळशीपाशी. त्या वर्षी मागच्या घरवाल्यांनी वर मजला चढवला आणि सकाळचं ऊन अंगणात यायचं बंद झालं. म्हणून आई तांब्या घेऊन गच्चीवर जाऊ लागली. बायको तेव्हा खाली अंघोळीला गेलेली असे. अर्घ्याचं पाणी पायाखाली येऊ नये, ते कोणत्या तरी झाडाच्या मुळाशी जावं, असा आमच्याकडे रिवाज. तुळस खाली. गच्चीवर झाडं होती ती एवढीच.

एका सकाळी मी पांघरुणं उन्हात टाकायला वर गेलो. आई पूर्वेकडे तोंड करून उभी होती आणि तांब्यातली धार सरळ त्या सोनेरी काट्यांवर पडत होती. अर्घ्य झालं. उरलेलं पाणी तिनं शेजारच्या कुंडीत ओतलं, मग तिच्या शेजारच्या कुंडीत, आणि काच सरकवून बारक्या रोपांवरही. मला पाहून जराशी दचकली.

"रोज देतो मी," ती म्हणाली. "पाळीपाळीनं. सगळ्याईले भेटलं पाहिजे न."

"आई, हिवाळ्यात यांना पाणी..."

"काहून नाही द्यायचं? माती पाहा कशी सुकली. उपाशी ठेवून राहिली बिचाऱ्याईले. मुका जीव आहे, मागत नाही म्हणून काय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तिले नको सांगू. म्हणन, सासू माझ्या झाडाले हात लावते."

मी पांघरुणं टाकली. तिच्या हातातला तांब्या घेतला आणि जिना उतरताना तिला धरलं. त्या झाडांबद्दल तिच्या तोंडून पहिल्यांदाच काही मायेचं निघालं होतं. घरात दोन बायका, मधे मी. बायकोला सांगितलं असतं तर आईला वाटलं असतं, पोरानं चुगली केली. आईला अडवलं असतं तर, देवाच्या पाण्याला नाही म्हणतो. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलेलं. खरं असं आहे की मला कटकट नको होती. तांब्याभर पाण्यानं काय होणार, असंही म्हटलं, आणि काय होणार ते मला माहीत होतं.

त्यानंतर रोज सकाळी आईची पावलं जिन्यावर ऐकू येत. दुपारच्या उन्हात वरची रेती पुन्हा कोरडी होई. मी दाढी करत असायचो. करत राहायचो.

माघात थंडी थोडी सरली तेव्हा बायकोनं एक कुंडी उचलली. वजनानंच तिला कळलं असावं. तिनं सोनेरी झाड बुडाशी दाबलं आणि बोट आत गेलं. वरून ते तसंच होतं, गोल, चकचकीत. तिनं मला हाक मारली. ब्लेड आणायला सांगितलं, आणि हळदीची वाटी.

सडलेला भाग कापत वर जायचं आणि स्वच्छ पांढरा गर लागला की थांबून हळद भरायची, अशी ती रीत. तिनं एक चकती कापली. मधोमध तपकिरी. आणखी एक. तशीच. ब्लेड पुसून पुन्हा. दर चकतीला ती मान वाकवून पाहायची, आणि मीही पाहायचो, जसं काही मला ठाऊकच नाही. शेवटी हातात नुसती काट्यांची टोपी उरली. मग चांदणीचं झाड. मग पांढऱ्या केसांचं. काचेखालची रोपं तर विरघळून मातीशी एक झाली होती. हळदीची वाटी भरलेलीच राहिली.

"माती खालून ओली कशी," ती म्हणाली. "मी तर दिलंच नाही पाणी."

मी काच पुसत होतो.

"दव असेल का हो?"

"असेल."

ती तिथेच बसून चकत्या वर्तमानपत्रात गोळा करत होती. मग तिनं मला विचारलं, आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "की माझ्याच हाताचं आहे हे?"

यावर उत्तर द्यायला फार शब्द लागत नव्हते. मी म्हणालो, "जाऊ दे. होतं असं."

सुट्टी लागली. मी अर्जाचं काढलं, तर ती म्हणाली, नको. मी म्हटलं, काहून? म्हणाली, "कोणाचं तरी लेकरू आणायचं आणि माझ्याजवळ..." मी आणखी एकदोनदा विषय काढला, वरवर. मग काढला नाही. आई पुढे काही वर्षांनी गेली. शेवटच्या आजारात बायकोनंच तिचं सगळं केलं. कुंड्या कोणाकोणाला देऊन टाकल्या होत्या. आम्ही दोघं त्याच घरात राहिलो.

या वर्षी विजय नगरला एका ओळखीच्यांकडे गेलो होतो. त्यांच्या नव्या सुनेनं बाल्कनीत निवडुंग लावलेत. ती हौसेनं हिला एक पिल्लू देऊ लागली. "काकी, ले जाइए न. यह मरता ही नहीं." बायको हसून म्हणाली, "नको गं. माझ्या हातानं झाड लागत नाही." अगदी सहज, आपल्याला चहा चालत नाही असं सांगावं तसं. इतकी वर्षं ती हे असंच मानून होती.

दुसऱ्या दिवशी ती मेथी निवडत होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. पौष, तांब्या, आई काय म्हणाली, मी काय म्हणालो नाही.

ती पानं खुडत राहिली. म्हणाली, "आई रोज वर चढायच्या? गुडघे घेऊन?"

"हो."

"मी तिथे एक रिकामी कुंडी ठेवली असती. झेंडू लावला असता त्यात. त्यांचं अर्घ्य झालं असतं." मग म्हणाली, "एवढंच होतं न."

मी म्हटलं, चूक झाली. ते बोलल्यावर मलाच ते फार लहान वाटलं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "तिथेच बसून विचारलं होतं. दुसऱ्या कोणाला नाही विचारलं."

तिनं काड्या गोळा केल्या आणि आत गेली. भाजी झाली, आम्ही जेवलो. ती रागावली नाही, आणि पुढेही कधी तो विषय काढला नाही. फरक असलाच तर असा की पूर्वी ती भाजीची चव घेऊन मला विचारायची, मीठ बरोबर आहे का? बाहेर जाताना विचारायची, ही साडी चालेल का? आता विचारत नाही. स्वतःच पाहते, ठरवते, आणि ताट माझ्यापुढे ठेवते.