रुकय्याबाई आणि कोरे कागद

रुकय्याबाईंचा नवरा रहिमतुल्ला अस्कर गावातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात रात्रीच्या शिफ्टवर जाई आणि दिवसा झोपे. त्यामुळे आवाज न करता वावरायची त्यांना सवयच लागली होती. श्रीवर्धनहून लग्न होऊन बहरीनला आल्या, इथल्या भारतीय शाळेत पहिलीच्या शिक्षिका झाल्या, आणि ती सवय वर्गातही आली. बाहेर उन्हाने पांढरं पडलेलं मैदान, खिडकीतल्या एसीची एकसुरी घरघर, आणि बाकांमधून त्या फिरत ते पाण्याखालून फिरल्यासारख्या. मुलांना त्यांचा हात खांद्यावर पडला की कळे, टीचर आल्या.

त्या वर्षी वर्गात सुहा होती. बाब अल बहरीन या बाजाराच्या वेशीजवळ कापडाच्या दुकानात हिशेब बघणाऱ्या ताहिरची मुलगी. विचारलं तर उत्तर देई, वाचे, पण तास संपला की तिचा कागद कोरा. थोडासा मळलेला, रबराचा भुसा चिकटलेला, पण कोरा. रुकय्याबाईंना वाटे, हिला जमत नाही, म्हणून गिरवते नि खोडते.

मे महिन्यात सुहाची आई मसूदा शाळेत येऊन बसली. जुलैत सुट्टीला गावी जाणार, आणि सुहाला तिथेच नानीकडे ठेवायचं ताहिरने ठरवलं होतं. इथली शाळा तिला झेपत नाही म्हणाला. मसूदा रडली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तिने एवढंच विचारलं, "आपा, माझी पोर खरंच मठ्ठ हाय का?"

रुकय्याबाई त्या रात्रभर अस्वस्थ होत्या, असं त्यांनी पुढे कधीतरी सांगितलं.

जूनमध्ये एका कंपनीने शाळेला वापरून बघायला काही कॉम्प्युटर दिले. पाटीएवढे, सपाट, दोरीला बांधलेल्या पेनने काचेवर लिहायचं. कंपनीतले जयप्रकाश साने ते घेऊन आले. मूळचे पुण्याचे, समजावून सांगायची हौस असलेले. रुकय्याबाईंनी पाटी उलटसुलट करून पाहिली आणि ओला स्पंज कुठे ठेवायचा म्हणून विचारलं. सान्यांचा चेहरा पडला. मग त्या हसताहेत हे त्यांच्या लक्षात आलं.

"बाई, तुम्ही माझा जीव घेणार," ते म्हणाले. पेन उलटं धरलं की खोडता येतं, हे त्यांनी दाखवलं. आणि हे एक बटण. ते दाबलं की मुलाचा हात जसा फिरला तसा पहिल्यापासून पुन्हा दिसतो, कुठे अडला तेही.

मुलांनी त्या दिवशी घर, उंट, होडी असं काय काय काढलं आणि खाली नाव लिहिलं. सुहाची पाटी परत आली ती कोरीच. मुलं घरी गेल्यावर रुकय्याबाई एकट्याच बसल्या. एसी बंद केलेला, खिडकीच्या काचेवर बाहेरून दमट हवेचं धुकं चढलेलं. त्यांनी बटण दाबलं.

राखाडी काचेवर एक रेघ उगवली. कोणी हात न लावता ती वळली, खाली उतरली आणि तिचं अक्षर झालं. मग दुसरं. सुहाचं नाव, शहराचं नाव, एक अख्खं वाक्य, समुद्रावरच्या निळ्या बोटीबद्दल. कुठेही न अडता. वाक्याला पूर्णविराम दिला गेला. थोडा वेळ काहीच हललं नाही. मग शेवटच्या अक्षरापासून एकेक अक्षर विरत गेलं, भरतीने किनाऱ्यावरची पावलं न्यावीत तसं, आणि काच रिकामी झाली. रुकय्याबाईंनी ते पुन्हा पाहिलं. पुन्हा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुहाला जवळ बसवून हळूच विचारलं. तिने आधी दाराकडे पाहिलं. शनिवारी सफाईवाला वर्गातले कागद काळ्या पिशवीत भरायचा, ते तिने पाहिलं होतं.

"दे गो इन द बिन, टीचर," ती म्हणाली. "अब्बा म्हणतात, कचऱ्यात टाकलं की गुनाह होतो."

मसूदाला बोलावल्यावर उलगडा झाला. जेवायला जमिनीवर पेपर अंथरायची घरची पद्धत, पण अरबी पेपर ताहिर कधी अंथरू देत नसे. तो म्हणे, आपल्याला वाचता येत नाही, अल्लाचं नाव त्यात कुठे असेल काय सांगावं. ते पायाखाली, कचऱ्यात जाता कामा नये. सुहाने ते अरबीपुरतं ठेवलं नाही. लिहिलेलं कचऱ्यात जाण्याआधी ती स्वतःच हळुवार पुसून टाकत होती.

ताहिर दुकानातून जेवणाच्या सुट्टीत आला. उभ्यानेच त्याने पाटीवर ती अक्षरं येताना आणि जाताना पाहिली. मसूदा काचेकडे न बघता त्याच्याकडे बघत होती.

"हे मीच शिकवलंय," तो म्हणाला.

"चांगलंच शिकवलंत," रुकय्याबाई म्हणाल्या. "फक्त आम्हाला कळवायचं राहिलं."

मग त्यांनी सुहापुढे साधा कागद आणि पेन्सिल ठेवली. कागद पिशवीत जाणार नाही, टीचरचा शब्द. सुहाने लिहिलं. लिहून झाल्यावर तिचा हात रबराकडे गेला, तिथेच थांबला, आणि तिने कागद बापापुढे धरला. कुठे ठेवू, असं ताहिरने विचारलं. तिने कपाटाच्या माथ्याकडे बोट दाखवलं. सगळ्यात उंच जागा तीच होती. त्याने हात उंचावून कागद वर ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर खडूंचा डबा ठेवला.

जाताना मसूदाला म्हणाला, "तिचंही परतीचं तिकीट काढायला सांगतो. यल्ला, चला."