मशीनवाल्या काकांचे कान

मशीनवाल्या काकांनी म्हातारपणी कर्ज काढून कानांत डूल घातले, अशी बातमी आमच्या जिन्यात पसरली. तळमजल्यावरून माझ्या दारापर्यंत चढेतो त्या डुलांना हिरेही लागले होते. जवळ जाऊन बघते तर श्रवणयंत्रं! अपंगांना अशी साधनं घ्यायला कमी व्याजाने कर्ज देणारी एक संस्था आहे, तिच्या पैशांतून घेतलेली. महिनाभर वापरा, नाही जमलं तर यंत्र परत आणि कर्ज रद्द, अशी अट.

काका शिलाई मशीन दुरुस्त करतात. आधी ऐकायचं, मग उघडायचं, ही त्यांची पद्धत. चाक फिरवायचे, मान तिरकी करायचे आणि सांगायचे, "याला तेल नको, पट्टा ढिला झालाय." कान गेले तशी गिऱ्हाइकं गळायला लागली. धंदा वाचवायचा म्हणून हे कर्ज.

कान गेल्यापासून घरात एक दोरी होती. काकू आतल्या खोलीत, अंथरुणाला खिळलेल्या. दोरीचं एक टोक त्यांच्या उशाशी, दुसरं बाहेर कामाला बसलेल्या काकांच्या मनगटाला. ओढली की काका उठायचे.

"काय हो काकू, नवरा पळून जाईल अशी अजून भीती वाटते?" मी चिडवायचे.

"पळू दे की. फक्त आधी पाणी देऊन जा म्हणावं."

यंत्र आलं, दोरी सुटली. पण घोडं पेंड खायला लागलं ते नंतर. यंत्रातून प्रत्येक आवाज पत्र्यावर खडे ओतल्यासारखा. धडधाकट मशीनही काकांना खडखडतंय असं वाटायचं. मग ते उघडायचे, चांगले बसलेले स्क्रू आवळायचे, आणि मशीन दुसऱ्या दिवशी अडकून परत यायचं. संस्थेतल्या बाईंनी आवाज जुळवून दिला, पुन्हा जुळवून दिला. जुने कान काही आले नाहीत. एक शिवणवाली दारातच पुटपुटली, "बहिरे होते तेच बरं होतं." तेवढं मात्र काकांना स्वच्छ ऐकू आलं.

महिना संपत आला. गिऱ्हाईक उरलं नव्हतं, आणि हप्त्यासाठी काकांनी हत्यारांची पेटी विकायला काढली, हे कळल्यावर मला राहवेना.

"काका, हट्ट कसला करताय? ज्या कामासाठी यंत्र घेतलं ते कामच बसलं. हत्यारं विकून कान कुणी ठेवतं का? देऊन या परत. काकूंना तुम्हाला बोलवायला दोरी आहेच की!"

काका मनगट चोळत बसले. तिथे दोरीचा वळ अजून होता. मग आतल्या दाराकडे बघून हळूच म्हणाले,

"दोरी ती पाणी हवं असलं की ओढायची. दिवसभर कण्हत असते, त्यासाठी एकदाही ओढली नाही."