वजन कमी त्याचा रिमोट

लोक विचारतात, "बाई, तुमच्याकडे एवढे किस्से येतात कुठून?" अहो, माणसाला एक दिवसाआड चार तास सुया टोचून खुर्चीत बसवा आणि समोरच्या भिंतीवर टीव्ही लावा. किस्से साचणार नाहीत तर काय होईल!

पुसदच्या एका दवाखान्यात वरच्या मजल्यावर आमचं डायलिसिस चालतं. आमच्या किडन्या कधीच रिटायर झाल्या. आता रक्त मशीन धुऊन देते. मी फुलसावंगीची, शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण, लहानपणापासून सिनेमावेडी. माझ्या शेजारी ढाणकीचे गजाभाऊ. व्हिडिओच्या जमान्यात ते गावोगावी टीव्ही नेऊन पिक्चर दाखवायचे.

"तेरवीले बी लावाचो मी पिक्चर," ते सांगतात. "रडून रडून थकले का मंग लोकायले फायटिंगच पाहिजे!"

गजाभाऊंच्या हातातल्या शिरा एकेक करून बंद पडत चालल्या होत्या. सुई टोचायला जागा उरली नव्हती. पण धाकटा भाऊ दिलीप त्यांना किडनी देणार होता. टेस्ट जुळल्या होत्या, नागपूरच्या ऑपरेशनची तारीखही ठरली होती. आमच्या कोंडवाड्यातून सुटणारा तेवढा एकच जीव, म्हणून आम्ही सगळेच ती तारीख धरून बसलो होतो.

*

आमच्याकडे रिमोटचा एक कायदा आहे. आम्हाला पाणी मोजून प्यावं लागतं. जास्त प्यालं की ते अंगातच राहतं आणि काट्यावर दिसतं. म्हणून मशीन चालवणाऱ्या प्रवीणने नियम काढला, "ज्याचं वजन सगळ्यात कमी वाढलं, त्याचा रिमोट!"

झालं! तांड्यावरच्या कमलाबाई काट्यावर चढण्याआधी हातातली चांदीची कडी काढू लागल्या. मग जोडवी. मग केसांतला आकडा. एकदा म्हणाल्या, "प्रवीणभाऊ, लुगडं बी सोडू का?" प्रवीण जो पळाला तो थेट जिन्यात!

रिमोट मिळाला की कमलाबाई मालिका लावणार. माझं मत विचाराल तर मालिकावाल्यांइतके निर्दय लोक जगात नाहीत. दर सीनला कोणीतरी पाण्याचा ग्लास घेऊन येतं आणि कोणी पीत नाही! हातात धरायचा, डायलॉग मारायचा, ग्लास टेबलावर ठेवून निघून जायचं. मे महिना होता, बाहेर पुसद भाजून निघत होतं. सून ग्लास ठेवून वळली तशा कमलाबाई ओरडल्या, "अवं पे नं माय! पेत नसशील त मले दे!"

कोणी हसलं नाही. सगळेच त्या ग्लासाकडे बघत होते.

*

खिडकीजवळची खुर्ची वानखडे काकांची. पोस्टातून रिटायर झालेले, अतिशय शांत माणूस. त्यांना कधी रिमोट मिळायचा नाही आणि त्यांची काही तक्रारही नसायची. मग एका महिन्यात काय झालं कोण जाणे, रिमोट सारखा त्यांनाच मिळू लागला. वजन वाढेचना! उलट कमी!

"काका, फॉर्मात आहे तुम्ही," प्रवीण म्हणाला. आम्ही मोकळ्या हाताने मांडीवर थापा मारून टाळ्या वाजवल्या. काका लाजले आणि जुन्या विनोदी पिक्चरचा चॅनल लावला.

काका पाणी कमी पीत नव्हते. त्यांनी जेवणच सोडलं होतं. मुलगा पुण्याला, बायको आधीच गेलेली, एकट्यासाठी कोण चूल पेटवणार! अंगावरचं मांस झडत होतं आणि आम्ही काटा बघून शाबासकी देत होतो. काका गेल्यावर डॉक्टरांनी हे सांगितलं, तेव्हा प्रवीण भिंतीकडे तोंड करून रडला.

पुढचे काही दिवस रिमोट काट्यावरच पडून होता. कोणी उचललाच नाही.

*

मालिकेतला हॉस्पिटलचा सीन ही तर वेगळीच गंमत. हिरॉइन कोमात, पण लिपस्टिक जागच्या जागी! आणि शेजारी ते मशीन, टीं टीं टीं. आम्ही सगळे एकदम दचकून आपापल्या मशीनकडे बघायचो. प्रवीण धावत यायचा आणि टीव्हीला शिव्या घालून परत जायचा. शेवटी आम्हाला सवय झाली.

एके दुपारी अशीच टीं टीं सुरू झाली. मी म्हटलं, "आता डॉक्टर चष्मा काढून सॉरी म्हणणार बघा."

पडद्यावर जाहिरात चालू होती! वाजत होतं ते गजाभाऊंचं मशीन. त्यांचं बीपी पडलं होतं, मान एका बाजूला कलली होती. प्रवीणने पाय वर केले, सलाइन लावलं. बऱ्याच वेळाने गजाभाऊंनी डोळे उघडले.

"बाई," ते म्हणाले, "काहून कोणी उठलं नाही लवकर? इंटरवल होता काय?"

*

दिलीप एकदा भावाला भेटायला आला. उंच, उन्हाने रापलेला, हातात संत्र्यांची पिशवी. आम्हाला संत्री चालत नाहीत, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार! कमलाबाईंनी लांबूनच त्याच्यावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली.

"हिरो आला हिरो!" त्या म्हणाल्या.

टीव्हीवर नेमका तसाच सिनेमा चालू होता. ऑपरेशन थिएटरचा लाल दिवा, बाहेर आईचं देवाला गाणं, गाणं संपलं की दोघे भाऊ बागेत! सिनेमात किडनी एका कडव्यात बदलते. गजाभाऊ खुशीत येऊन त्याला पुढची स्टोरी सांगत होते. दिलीप मात्र पडदा सोडून भावाच्या हातातली जाड सुई बघत होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मी एसीचं तोंड त्याच्याकडे वळवायला सांगितलं.

*

डायलिसिस चालू असताना एक हात हलवता येत नाही, म्हणून आमचे सगळ्यांचे फोन स्पीकरवर. कोणाची सून काय बोलते, कोणाचं शेत कोणी पेरलं, सगळं सगळ्यांना ठाऊक. फोन आला की रिमोटवाल्याने टीव्हीचा आवाज बंद करायचा, एवढी सभ्यता आम्ही पाळतो.

त्या दिवशी रिमोट माझ्याकडे होता. कॉमेडीचा कार्यक्रम लावला होता. गजाभाऊंचा फोन वाजला, मी आवाज बंद केला.

"दादा."

"बोल रे दिलीप. बॅग भरली काय?"

"दादा, घरची नाही म्हणून राह्यली. पोरं लहान आहे म्हणते. तिचं नाव कायले घेऊ... मलेच भेव वाटून राह्यलं दादा. झोप नाही लागून राह्यली."

कमलाबाईंनी डोळे मिटून घेतले. पडद्यावर सगळा स्टुडिओ पोट धरून हसत होता, आवाजाविना.

गजाभाऊ म्हणाले, "बरं केलं सांगितलं ते. जेवला काय तू?"

"नाही."

"मंग जेव आंधी. उपाशी नको झोपू."

पलीकडे दिलीप रडायला लागला. प्रवीणने पुढे होऊन फोन बंद केला. गजाभाऊ टीव्हीकडे बघत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "आवाज वाढवा नं. जोक हुकला आपला."