ढिगातली मूठ

अमेरिकेत लढाई चालू होती आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता. आगगाडी अजून बडनेऱ्याला यायची होती. मी तेव्हा मुंबईच्या एका वर्तमानपत्राला अमरावती आणि अकोल्याच्या कापूसबाजाराची खबर पाठवीत असे. भाव, आवक आणि रस्त्यांची स्थिती, एवढेच त्यात बसे.

अमरावतीच्या बाजारात शिरताना प्रत्येक गाडीतून कापसाची एक मूठ काढून घेत. तिला धर्मादाय म्हणत. मूठ हा नुसता शब्द. प्रत्यक्षात दोन्ही हातांची कव भरून कापूस जाई. फाटकाच्या आत त्याचा भिंतीएवढा ढीग लागे, आणि तो विकून बाजाराने दोन गोष्टी चालवल्या होत्या: बैलांचा गोठा आणि एक वैद्य. गोठ्यात कोणाचाही लंगडा, आजारी बैल घेत. मालक कोण, हे विचारणे पाप समजत. वैद्याच्या ओट्यावर मात्र पहिला प्रश्न तोच असे: कोणाचा माणूस? एखाद्या अडत्याने, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालाने, हा आमचा म्हटले की वैद्य नाडी पाही. तसे म्हणणारे कोणी नसेल तर तो बसल्या जागचा हलत नसे. अकोल्यात याच मुठीतून देवळाला कळस चढला होता आणि वैद्य ठेवलाच नव्हता. तिथे निदान चौकशीचा अपमान तरी नव्हता.

या रीतीचे समर्थन मी बऱ्याच गाद्यांवर ऐकले. सगळ्यांना औषध द्यायचे ठरवले तर सगळा मुलूख दारात येऊन बसेल, असे शेटलोक सांगत. सांगणाऱ्यांच्या घरी हकीम बोलावताक्षणी येत असे. फुकट पट्टी मिळते म्हणून कोणी पाय मोडून घेत नाही, असे मी एकदा म्हणालो. माझ्यापुढे पान ठेवून विषय बदलण्यात आला.

त्या हंगामात दर्यापूरकडचे एक कुणबी जोडपे कापसाची गाडी घेऊन आले. त्यांची मूठ काढून झाली होती. फाटकात रेटारेटी झाली, मागच्या गाडीचा धक्का बसून नवरा खाली पडला आणि त्याच्याच भरल्या गाडीचे चाक त्याच्या पोटरीवरून गेले. हाड दिसू लागले. एक बैल बुजून खांबावर आदळला आणि त्याचा खांदा सोलवटला. गोठ्याची माणसे धावत आली. त्यांनी बैल सोडला, सावलीत नेला आणि त्याच्या खांद्यावर हळद-तेल घालायला सुरुवात केली. माणूस धुळीतच राहिला.

बायको वैद्याच्या ओट्यापाशी गेली. तिथल्या मुनिमाने कोणाचा माणूस म्हणून विचारले. तिने गावाचे नाव सांगितले. गाव नको, अडत्या सांग, असे तो म्हणाला. जुन्या अडत्याने मागच्या वर्षी फसवले होते म्हणून त्यांनी त्याला सोडले होते. नवा अजून धरला नव्हता. जुना अडत्या समोरच्याच गादीवर बसून सगळे पाहत होता. ज्याला स्वतःचा माल विकायची अक्कल आहे त्याला स्वतःचा पायही जोडता येईल, असे तो सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलला.

“बाई, त्याले शेपूट असतं तं आतापर्यंत हळद लागली असती,” मुनीम म्हणाला.

लोक हसले. ती परत फाटकाशी आली आणि ढीग व पुढची गाडी यांच्या मधोमध उभी राहिली.

“माही मूठ मले वापस द्या.”

मुनीम तिच्या मागोमाग आला होता. “ढिगात गेली ते. वळखून काढ अन् घेऊन जाय.”

“कापूस तं वळखू येत नाई म्हणता. सारा एक झाला म्हणता. मंग त्याच ढिगावर जगणारा वैद्य माणूस काहून वळखून घेते?”

पुढची गाडी तिवस्याची होती. तिच्या धन्याने मुठीसाठी उघडलेला फारीचा, म्हणजे कापसावरच्या जाड कापडाचा, पदर पुन्हा कापसावर ओढला. त्याचे पाहून मागच्याने ओढला. मूठ दिल्यावाचून गाडी आत जात नसे, त्यामुळे फाटक तुंबले आणि रांग रस्त्यावर गेली. आत खरीददार ताटकळले. तेव्हा तोच जुना अडत्या गादीवरून उठला आणि हा आपला जुनाच माणूस आहे, असे त्याने जाहीर केले. वैद्य पेटी घेऊन निघाला.

तोवर ऊन डोक्यावर आले होते आणि जखम धुळीने भरली होती. माणूस वाचला, पाय गुडघ्यात वाकेना तो वाकेनाच. ‘आपला माणूस’ या शब्दाची वसुली लगेच झाली. त्यांचा कापूस त्याच अडत्याच्या गादीवर, तो म्हणेल त्या भावाने गेला. उपचार ही मेहरबानी असली की आजारी माणूस कोणाचा तरी होऊन बसतो. दानशूर म्हणून मिरवणाऱ्या त्या बाजाराला हे चांगले ठाऊक होते, म्हणून तर तो प्रश्न ओट्यावर ठेवला होता.

पुढच्या हंगामात ती गाडी बायको हाकत आली. नवरा कापसावर पाय ताठ सोडून बसला होता. मूठ काढणाऱ्याला तिने विचारले, हे कोणाच्या नावाने घेतो. धर्मादाय साऱ्यांचा असतो, तो म्हणाला. तिने फारी स्वतः उघडून दिली आणि मूठ ढिगात पडलेली पाहून गाडी सरळ वैद्याच्या ओट्याशी नेऊन उभी केली. ओटा फाटकाच्या आत वाटेवरच होता, त्यामुळे मागच्या गाड्यांची वाट अडली.

नवऱ्याचा पाय थंडीत ठणकतो, पाहा, असे तिने सांगितले. मुनीम तोच होता. त्याने सवयीने विचारले, कोणाचा माणूस.

“ढिगाचा,” ती म्हणाली.

मुनिमाने तिच्यामागे लांबत चाललेल्या गाड्यांकडे पाहिले आणि वैद्याला हाक मारली.