शेवटची चढाई

आज शाळेच्या मैदानावर कबड्डीच्या रेषा आखताना चुन्याची फक्की नाकात गेली आणि मी २०१६ सालच्या डहाणूत पोहोचले. तालुक्याचा अंतिम सामना होता. सायवनच्या आमच्या शाळेच्या संघाला जिंकायला शेवटच्या चढाईत दोन गुण हवे होते. चढाई माझी होती आणि माझे पाय लटपटत होते.

"अगं, ही तर आत्ताच रडेल," समोरची कर्णधार हसत म्हणाली.

आमचे खेळाचे सरही काळजीत पडले. "घाबरलीस ना? थांब. सुनंदाला जाऊ दे."

"घाबरलेय, सर. पण जाणार मीच."

"पाय बघ तुझे."

"पळायला निघालेत ते. अडवू नका."

सर बाजूला झाले. त्याबद्दल मी त्यांचे उपकार अजून मानते. छाती धडधडत असतानाच मी आत शिरले. त्या धडधडीनेच पायांना एरवी नसलेला वेग दिला. त्या कर्णधाराला आणि तिच्या शेजारणीला शिवून मी परतले.

पुढे शारीरिक शिक्षण घेऊन घरातली पहिली पदवीधर झाले. भीतीने खेळ बिघडतो, असं पुस्तकात वाचलं, परीक्षेतही लिहिलं. पण शाळेत खेळ शिकवायला लागल्यापासून माझ्या संघातल्या एकाही मुलीला घाबरली म्हणून मी आजवर बाहेर बसवलेलं नाही, आणि बसवणारही नाही.